सकाळचा हात, संध्याकाळचा हात

चहा घ्या आधी. माझ्या फजितीचा हा किस्सा रिकाम्या पोटी ऐकण्यातला नाही. आणि ऐकून झाल्यावर माझ्या उजव्या हाताकडे टक लावून बघू नका, तो आता अगदी बरा आहे.

मुळात माझा स्वभाव जरा तंद्रीतला. पोळी तव्यावर आणि मी कुठल्या कुठे. आमचे हे म्हणतात, ‘हिला हाक दोनदा मारावी लागते. पहिली हिला परत आणायला आणि दुसरी काय ते सांगायला.’ अशी बाई शाळेत विज्ञान कशी शिकवते, असं तुम्हाला वाटेल. तर शिकवते, सत्तावीस वर्षं शिकवते, आणि बरं शिकवते असं मुलं म्हणतात.

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक गंमत सांगते. बाळांनो, माणूस सकाळी जेवढा असतो तेवढा संध्याकाळी राहत नाही. रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या गाद्या पुन्हा फुलतात, म्हणून सकाळी आपण बोटभर उंच असतो. दिवसभर उभं राहून त्या दबतात आणि संध्याकाळी आपण बोटभर बुटके होऊन घरी येतो. पायांचं उलटं. ते सकाळी बारीक आणि संध्याकाळी फुगलेले, म्हणून चपला संध्याकाळी घ्याव्यात. पहाटे अंग सगळ्यात गार असतं, संध्याकाळी सगळ्यात ऊबदार. हे सांगताना मला फार छान वाटतं. आपण सगळे रोज रात्री झोपेत गुपचूप दुरुस्त होतो आणि सकाळी नवेकोरे उठतो, किती सुंदर आहे हे.

हे सगळं मी शिकवते, बरं का. लक्षात ठेवा, कारण माझ्या ते राहिलं नाही.

झालं असं, की माझ्या ओंकारचं लग्न ठरलं. मुलगी ऋतुजा, पंचवटीतली, बँकेत नोकरी करणारी. मला तर ती बघताक्षणी आवडली. पण तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंच्या चेहऱ्यावर कायम एक धास्ती असायची. ऋतुजाचं आधी एकदा ठरलेलं मोडलं होतं. त्या लोकांनी बैठकीत गोड बोलून सगळं कबूल केलं आणि ऐन वेळी शब्द फिरवला. तेव्हापासून या बाई कोणाच्या बोलण्यावर विसंबेनाशा झाल्या होत्या. मी त्यांचा हात धरून म्हटलं, ‘ताई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. आमच्या घरच्या पाटल्या मी साखरपुड्यातच तिच्या हातात घालणार.’

आता या पाटल्यांचं सांगायला हवं. दोन जाडजूड सोन्याच्या पाटल्या, माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेल्या. आमच्याकडची रीत अशी, की त्या डबीतून द्यायच्या नाहीत. सासूने आपल्या उजव्या हातातल्या काढायच्या आणि थेट सुनेच्या उजव्या हातात चढवायच्या. मध्ये ताट नाही, पाट नाही, हातातून हातात. मला माझ्या सासूबाईंनी अशाच दिल्या होत्या. सोनं त्यांच्या अंगाने गरम झालेलं होतं आणि ती ऊब माझ्या मनगटाला लागली, तेव्हा या घरात आपलं कोणीतरी आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. तेच मला ऋतुजाला द्यायचं होतं.

म्हणून मी तालीम सुरू केली.

गुरुवारी पाटल्या लॉकरमधून आणल्या. शुक्रवारपासून रोज पहाटे साडेपाचला उठून, पाटल्या घालून मी गॅलरीत जाऊन बसायची. फेब्रुवारीची थंडी, खाली गंगापूर रोडला एखादी दुधाची गाडी, बाकी सगळं सामसूम. डोळे मिटायचे, मनातल्या मनात हॉल उभा करायचा, माळा लावायच्या, सनई सुरू करायची. समोर ऋतुजाचा हात. मग बोटं जुळवून पाटल्यांना नुसतं बोट लावायचं, की त्या आपोआप सरकत खाली. कुठे अडणं नाही, ओढणं नाही. तीन दिवस तालीम केली आणि तिन्ही दिवस पहाटे केली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

रविवारी संध्याकाळी साखरपुडा होता. सकाळी मी पाटल्या हातात घातल्या आणि कामाला लागले. घरभर पाहुणे, त्यांना मिसळ. मीही दोनदा रस्सा घेतला आणि वर तीन पापड खाल्ले. दुपारी ऊन चांगलंच तापलं. एक वाजल्यापासून मी हॉलवर उभी. हार आले का, ओटीचं सामान कुठे ठेवलं, कोण जेवलं, कोण राहिलं. बसा जरा, असं चार जणींनी सांगितलं, पण मला बसावंसंच वाटेना. माझे पाय जमिनीवर होते, एवढंच. बाकी मी कधीची त्या क्षणात जाऊन पोचले होते.

साडेसातला गुरुजी म्हणाले, ‘आता सासूबाईंनी सुनेला पाटल्या घालाव्यात.’

फोटोग्राफर पुढे सरकला. ऋतुजाने मेंदी लावलेला हात पुढे केला. मी हसत हसत बोटं जुळवली आणि पाटल्यांना बोट लावलं. त्या हलल्या नाहीत. मग जरा ओढल्या. अंगठ्याच्या हाडापर्यंत आल्या आणि थांबल्या.

मी पुन्हा हसले आणि पुन्हा ओढल्या.

‘काय झालं?’ आमचे हे कानाशी आले.

‘निघत नाहीयेत.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे निघत नाहीयेत.’

‘सकाळी तर निघत होत्या.’

‘सकाळी सकाळ होती हो.’

फोटोग्राफर म्हणाला, ‘काकू, जरा इकडे बघून काढा ना.’

मग मदतीला माणसं आली, आणि साखरपुड्यात मदतीला आलेल्या माणसांना आवरणं कोणाला जमलंय? एकीने बाथरूममधून हात धुवायचा साबण आणला. दुसरी म्हणाली, साबणाने काय होतंय, तेल आणा. आचाऱ्याने वाटीभर तूप पाठवलं. कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बघितली. ओंकार एका बाजूने माझा कोपर धरून उभा, हे दुसऱ्या बाजूने पाटली धरून. हात लाल झाला, लाल झाल्यामुळे आणखी सुजला आणि सुजल्यामुळे पाटल्या आणखी घट्ट बसल्या. माझ्या हाताला लिंबाच्या साबणाचा आणि साजूक तुपाचा एकत्र वास येत होता.

आणि या सगळ्या वेळात ऋतुजाचा हात तसाच पुढे. बिचारीला तो मागेही घेता येईना.

तिची आत्या खास नामपूरहून आली होती. पहिल्या रांगेत बसलेली ती बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘काय व्हयनं बहिन? सोनं देतांना जीववर उनं का?’

सोनं देताना जिवावर आलं का, असं ती विचारत होती. नामपूरची अहिराणी बोली कळायला माझ्याकडच्या पाहुण्यांना एरवी दोन मिनिटं लागली असती, पण हे वाक्य सगळ्यांना एकदम कळलं.

मी घाबरले. आणि घाबरून माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य बोलले.

‘सकाळी देते.’

मला वाटलं, नीट समजावून सांगितलं तर कळेल. म्हणून मी सुरुवात केली, ‘त्याचं काय असतं, दिवसभर उभं राहिलं आणि वर खारट खाल्लं, की शरीरातलं पाणी हातापायात उतरतं. रात्री आडवं झालं की ते पुन्हा...’

‘अगं, हा आठवीचा वर्ग नाही,’ हे दबक्या आवाजात म्हणाले.

आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, ‘सकायमा देसू म्हने.’

विहीणबाई मात्र एवढंच म्हणाल्या, ‘राहू द्या. आम्हाला सवय आहे.’ आणि ऋतुजाने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला. ते मला फार लागलं. तुम्हाला सांगते, तेव्हा कोणी करवत आणली असती तर मी हात पुढे केला असता. पाटल्या कापायला म्हणतेय, पण हात कापला असता तरी चाललं असतं.

घरी आल्यावर मी पलंगावर बसून रडले. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. ते म्हणाले, ‘पाणी कसं उतरवायचं ते मला विचार. हात उंच ठेवायचा, बाकी आपोआप होतं.’ त्यांनी माझी एक ओढणी खिडकीच्या गजाला बांधली, तिच्यात माझा हात अडकवला, दिवा घालवला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले.

मला किती तरी वेळ झोप आली नाही. मग कधीतरी आली ती फार मऊ आली. कोणीतरी माझ्या हातातून दिवसभराचा दिवस हळूहळू काढून घेतंय, असं वाटत होतं. ऊन गेलं, गर्दी गेली, मिसळ गेली. बोटं हलकी झाली. मी उंच उंच होत होते आणि ओढणी वाऱ्यावर हलत होती.

पाचला जाग आली. ओढणी सुटलेली होती आणि हात पलंगाबाहेर लोंबत होता. मी अंधारातच बोटं हलवली. अहाहा, कशी चवळीच्या शेंगांसारखी झाली होती. माझ्या मनात एकच आलं, की हात पुन्हा भरायच्या आत पंचवटी गाठायची. आत्ता, या घटकेला. दिवा लावला तर हे उठतील आणि शंभर प्रश्न विचारतील, म्हणून लावला नाही. फोन घेतला नाही. गाऊनवर शाल गुंडाळली आणि निघाले.

चौकात रिक्षा मिळाली. एवढं सोनं हातात आणि पहाटेची वेळ, म्हणून मी उजवा हात शालीत पार काखेपर्यंत दडवला. काढून बघितलासुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, हाताला कळलं नाही? अहो, दिवसभर घड्याळ घातलेलं असलं की काढून ठेवल्यावरही ते मनगटावर आहे असंच वाटत राहतं ना? मी तर वीस तास पाटल्या घालून त्यांच्याशी मारामारी केलेली. हात अजून ठणकत होता.

पुलावरून जाताना गोदावरीवर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसता पांढरा पट्टा, आणि पलीकडच्या घाटावर एक-दोन दिवे. मला वाटलं, हे सगळं अजून झोपेतच चाललंय आणि माझा हात बरोबर वेळेवर पोचणार आहे. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. ‘मावशी, दवाखान्यात जायचंय का?’

‘नाही रे, कालचा साखरपुडा पुरा करायचाय.’

त्याने आरसा दुसरीकडे वळवला आणि रिक्षाचा वेग वाढवला.

दार विहीणबाईंनी उघडलं. मागे आत्याबाई चहाचा कप घेऊन बसलेल्या, आणि आतून ऋतुजा आली, केस मोकळे, डोळे सुजलेले. मुलगी रात्रभर रडली होती, हे मला तिथेच कळलं. मी गाऊनवर आहे, केस विस्कटलेत, याचं मला काही वाटलं नाही.

‘ऋतुजा, हात पुढे कर,’ मी म्हटलं. ‘मी म्हटलं होतं ना सकाळी देते? आता बघ.’

आणि मोठ्या ऐटीत शालीतून हात बाहेर काढला.

हात मोकळा होता. मनगटावर दोन लाल वळ, बाकी काही नाही. आम्ही पाच-सहा सेकंद त्या हाताकडे बघत राहिलो.

‘हाई काय शे?’ आत्याबाई म्हणाल्या.

हे काय आहे, असं त्या विचारत होत्या. काल हातातलं सोनं सुटत नव्हतं, आणि आज पहाटे ही बाई मुद्दाम रिक्षा करून रिकामा हात दाखवायला आली. विहीणबाईंनी हळूच ऋतुजाचा खांदा धरला. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

ऋतुजानेच ह्यांना फोन लावला. आधी पलीकडून ‘कोण, हिला काय झालं, ही कुठे गेली’ असं सगळं झालं. मग शोधाशोधीचे आवाज आले. मग हे म्हणाले, ‘एक पाटली सापडली. माझ्या चपलेत आहे.’ थोड्या वेळाने, ‘दुसरी पलंगाखाली. रात्री हिच्या हातातून गळल्या असणार.’

हात बारीक होणार, हे माझं म्हणणं खरं ठरलं होतं. नको तितकं खरं.

‘चला काकू, मी सोडते तुम्हाला,’ ऋतुजा म्हणाली आणि आईकडे न बघता स्कूटीची किल्ली घेतली. मी मागे बसले. पूल ओलांडल्यावर तिने मान न वळवता विचारलं, ‘काकू, तुम्हाला द्यायच्या होत्या ना खरंच?’

‘अगं, तीन दिवस पहाटे उठून तुला कशा द्यायच्या याची तालीम करत होते मी,’ मी म्हटलं. आणि तालीम, गॅलरी, मनातली सनई, सगळं सांगून टाकलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. मला इतकं बरं वाटलं, की मी मागून तिच्या पाठीवर डोकं टेकलं.

घरी हे बेडरूममध्ये पहारा देत उभे. ‘एकीलाही हात लावलेला नाही,’ म्हणाले. ‘रीत मोडायला नको.’ मी चपलेतली पाटली उचलली, पलंगाखालची काढली, दोन्ही धुतल्या आणि आपल्या हातात घातल्या. मग बोटं जुळवली. बघा, जशा तालमीत तशा, दोन्ही अलगद उतरल्या आणि ऋतुजाच्या हातात गेल्या. माझे डोळे भरून आले. तिने हात खाली केला.

आणि पाटल्या टणाटण फरशीवर पडल्या.

ऋतुजाने त्या उचलल्या, आपल्या मनगटाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘आई,’ ती म्हणाली, आई असं पहिल्यांदाच, ‘अहो, माझाही हात सकाळचाच आहे की.’

आता बघा पेच. संध्याकाळी द्याव्या तर माझ्या हातातून निघत नाहीत. सकाळी द्याव्या तर तिच्या हातात राहत नाहीत. हातातून हातात द्यायच्या, तर माझा हात सकाळचा पाहिजे आणि तिचा संध्याकाळचा.

शेवटी उपाय आमच्या ह्यांनीच काढला. एका कालव्याचं पाणी बंद करायचं आणि दुसऱ्याला सोडायचं, इतकं सोपं आहे, म्हणाले. मी पाटल्या घालून दिवसभर आडवं पडायचं, हात उशांवर, खायला बिनमिठाचं. आणि ऋतुजाने दिवसभर उभं राहायचं आणि खारट खायचं. मी शाळेतून रजा घेतलेलीच होती, तिनेही बँकेत फोन करून घेतली. नुसतं उभं राहून काय करू, म्हणून ती पाहुण्यांच्या राहिलेल्या भांड्यांच्या ढिगापुढे उभी राहिली. मी नको नको म्हणत होते, पण उठता येत नव्हतं.

संध्याकाळी सहाला त्या पाटल्या तिच्या हातात गेल्या आणि अगदी छान बसल्या, हे आधीच सांगून टाकते. विहीणबाईंची समजूतही पुढे पटली, पण ती पटायला फार वेळ लागला. कारण त्या आल्या चारला.

सकाळी गेलेली मुलगी अजून परत कशी आली नाही, म्हणून आल्या होत्या. ह्यांनी दार उघडलं. त्यांना समोर काय दिसलं, तर अजून लग्नही न झालेली त्यांची लेक ओढणी कमरेला खोचून सिंकशी उभी राहून पातेली घासतेय, तिचा होणारा सासरा बाजूला बशी घेऊन ‘अजून एक पापड खा’ म्हणतोय, आणि आतल्या खोलीत होणारी सासू पाटल्या घालून, तीन उशांवर हात टाकून, पंख्याखाली आडवी पडलीय.

काहीतरी बोलायला तर हवं होतं. मी पडल्या पडल्याच म्हटलं, ‘या ना ताई, बसा. तिला अजून दोन तास उभी ठेवते आणि मग देते पाटल्या.’